ओळखीचा माणूस

आमच्या घरीं कोणत्याही संकटाची वार्ता आली, तर पहिला प्रश्न "काय झालें?" असा निघत नाहीं, "तेथें आपल्या ओळखीचें कोण आहे?" असा निघतो. रुग्णालयांत खाट हवी असो, शाळेंत प्रवेश हवा असो कीं आगगाडींत जागा हवी असो, हाच प्रश्न ओठांवर प्रथम येतो, आणि त्यांत आपण कांहीं गैर बोलत आहों अशी पुसट शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाहीं. आमच्या वडिलांना तर आपल्या ओळखींचा मोठा अभिमान असे. माणसानें पैसा जोडला नाहीं तरी चालेल, पण माणसें जोडावींत, असें ते म्हणत. आणि हें वचन निव्वळ सौजन्याचें आहे असेंच आम्ही इतकीं वर्षें समजत आलों. फौजदारी कायद्याच्या पुस्तकांत न छापलेलें तें एक कलमही आहे, हें आमच्या ध्यानांत यावयास एक संध्याकाळ पुरली.

त्या गोष्टीला आतां बारा वर्षें होऊन गेलीं. आमचा भाचा, त्या वेळीं वीस वर्षांचा, मोटारसायकलीवरून घरीं येत होता. रस्ता एकेरी, हा उलट बाजूनें शिरला, आणि हातगाडी ढकलीत घरीं चाललेल्या एका भाजीवाल्या म्हातारीला त्यानें पाडलें. तिच्या मांडीचें हाड मोडलें. भाचा दुष्ट नव्हता, दारूही प्यालेला नव्हता. त्याला घाई होती, इतकेंच. त्यानें स्वतःच तिला रिक्षांत घालून रुग्णालयांत नेलें, हेंही त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु पोलीस आले, वाहन ताब्यांत गेलें, आणि आमच्या भगिनीनें रडत रडत आम्हांस फोन केला. आम्ही मनांत प्रथम कोणता प्रश्न केला असेल, तें वाचकांनीं ताडलेंच असेल.

आमचा एक बालमित्र तेव्हां सरकारांत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याला आम्ही हकीकत कळविली. "तूं तिकडे जा, मी सांगतों," एवढेंच तो म्हणाला. या साऱ्या प्रकरणांत लांच म्हणून एक रुपयाही कोणाच्या हातीं पडला नाहीं, हें आम्ही शपथेवर सांगूं शकतों. आम्ही चौकींत शिरलों तेव्हां तेथील अंमलदारानें मान वर करूनही पाहिलें नाहीं. मग आंतल्या खोलींतील फोन वाजला. त्यानंतर आमच्यासाठीं खुर्ची आली, खुर्चीमागून चहा आला, आणि चहामागून "साहेब, आधी सांगायचं नाही का?" असा प्रेमळ ठपकाही आला. म्हातारीची मुलगी आमच्या अगोदर अर्धा तास येऊन भिंतीशीं उभी होती. ती उभीच राहिली.

त्या मुलीनें जो जबाब दिला होता त्यांत "गाडी उलट्या बाजूनें भरधाव आली" असे शब्द होते. आमच्या देखत तो कागद बाजूला सारण्यांत आला आणि नवा लिहिला गेला. त्यांत "म्हातारी अंधारांत अचानक आडवी आली" असें वाक्य होतें. तो तिला वाचून दाखविला. तिनें सही केली. उपचारांचा खर्च आम्ही सोसला, वर पांच हजार रुपये दिले, आणि प्रकरण मिटलें. चार दिवसांनीं आम्ही रुग्णालयांत गेलों, तेव्हां म्हातारीनें पडल्या पडल्या हात जोडले. "साहेब, तुम्ही देवमाणूस," ती म्हणाली, "दुसरा असता तर टाकून पळाला असता." तो नमस्कार आम्ही घेतला. घेऊं नये असें आम्हांस वाटलें होतें, पण घेतला.

कागदावरच्या एका अक्षराची किंमत पुण्याच्या माणसाला सांगावयास नको. नारायणराव पेशव्यांना 'धरावें' म्हणून लिहिलेल्या पत्रांत कोणीं तरी 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका इतिहासकार खरी मानोत वा न मानोत, आपण ती सोडलेली नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत त्या तरुण पेशव्याचा खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथा आपण मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु आपण तेथेंच थांबतों. तें प्रायश्चित्त राघोबादादांनीं घेतलें काय? नाहीं. ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, त्यापायीं एक मोठें युद्ध पेटलें, आणि खुनानंतर दहा वर्षांनीं, १७८३ सालीं, कोपरगांवीं त्यांचा अंत झाला. मारेकऱ्यांपैकीं जे हातीं लागले त्यांना मात्र शासन झालें. रामशास्त्र्यांचा निवाडा आपल्याला पाठ आहे. त्याची अंमलबजावणी झाली नाहीं, हें मात्र आपण सोयीस्करपणें विसरलों आहों.

ज्यानें हत्यार धरलें त्याला एक न्याय, आणि ज्याच्यासाठीं धरलें त्याला दुसरा, ही रीत पेशवाईबरोबर बुडाली नाहीं. १२ जानेवारी १९२५ रोजीं संध्याकाळीं मुंबईस मलबार टेकडीवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार कांहीं माणसांनीं अडविली. मोटारींत मुमताज बेगम होती. ती इंदूरच्या महाराजांच्या आश्रयांतून निघून आलेली, व तिला परत नेण्याची खटपट चालू होती. बावलाला गोळी लागून तो मेला. तिच्या तोंडावर वार झाले. योगायोगानें कांहीं गोरे लष्करी अधिकारी गोल्फ खेळून त्याच वाटेनें येत होते. त्यांनीं मारेकऱ्यांशीं झुंज दिली, म्हणून ती वांचली आणि गुन्हेगार जागच्या जागीं सांपडले. तो योगायोग नसता तर त्या खटल्याचें काय झालें असतें, याचा तर्क करीत बसण्यांत अर्थ नाहीं.

मुंबईच्या हायकोर्टांत खटला चालला. आरोपींच्या पिंजऱ्यांत इंदूर संस्थानाशीं संबंध असलेले लोक होते. तिघांना मृत्यूची शिक्षा सांगण्यांत आली. त्यांतील दोघे फांशीं गेले. त्या बिचाऱ्यांचें मुमताज बेगमेशीं स्वतःचें असें कोणतें वैर होतें? या कृत्याचें मूळ इंदुरांत आहे अशी चर्चा सर्वत्र होती. सरकारनें तुकोजीराव महाराजांपुढें दोन मार्ग ठेवले: चौकशी-मंडळाला सामोरें जावें, अथवा गादी सोडावी. महाराजांनीं १९२६ च्या फेब्रुवारींत गादी सोडली, ती त्यांच्या पुत्राला मिळाली, आणि चौकशी झालीच नाहीं. पुढें ते दीर्घायुषी होऊन १९७८ सालीं पॅरिस येथें वारले. त्यांचा अपराध होता असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं, कारण तो कधीं तपासलाच गेला नाहीं. निरपराधी असते तर त्यांनाही आपली निर्दोषता सिद्ध करण्याची संधि मिळाली नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण ती संधि त्यांनीं स्वतः नाकारली, आणि नाकारण्याची सवलत फांशीं गेलेल्या दोघांना नव्हती.

श्रीमंत माणूस न्यायाधीशाला विकत घेतो, अशी एक ढोबळ समजूत आपल्या लोकांत आहे. आमच्या मतें ती बहुतेक चुकीची आहे, आणि तिच्यामुळें खरा रोग झांकला जातो. न्यायाधीशाचें आसन हें वाटेच्या अगदीं शेवटीं असतें. त्याच्या अलीकडची वाट लांब आहे, आणि तिच्यावर जागोजाग लहान लहान माणसें बसलेलीं आहेत. पहिली खबर लिहून घेणारा, पंचनामा करणारा, जखमेचा दाखला देणारा, रक्ताचा नमुना काढणारा, साक्षीदाराचें घर शोधणारा, पुढची तारीख देणारा. यांतील प्रत्येकानें एक अक्षर इकडचें तिकडे केलें, तर शेवटच्या आसनावर साक्षात् रामशास्त्री येऊन बसले तरी त्यांच्या हातीं काय येणार? जो कागद पुढें येईल तोच त्यांनीं वाचावयाचा. आमच्या भाच्याचें प्रकरण तर कोणत्याही न्यायाधीशापर्यंत गेलेंच नाहीं. तेव्हां न्यायाधीश कितीही निःस्पृह असते तरी त्यांचा त्याला उपद्रव नव्हता.

१९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यांत कल्याणीनगरला एका उंची मोटारीनें दोघां तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. तीं दोघें मध्य प्रदेशांतलीं. मोटार एका धनिक बांधकाम-व्यावसायिकाचा १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असें पोलिसांचें म्हणणें. सुमारें पंधरा तासांच्या आंत त्याला जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत रस्त्यावरील अपघातांविषयीं ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. आम्ही आयुष्यभर निबंध लिहीत आलों. कित्येक वाचकांना ते वाचणें ही शिक्षा वाटली असेल, परंतु लिहिणें ही शिक्षा होऊं शकते हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. पुढें लोकक्षोभ झाला व तीन दिवसांनीं तो हुकूम बदलला. मग रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनाही अटक झाली. आरोपांचा खरेखोटेपणा ठरविणें हें न्यायालयाचें काम, तें आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. त्या आठवड्यांत सारें शहर संतापलें होतें, व आम्हीही संतापलों होतों. जेवणाच्या वेळीं आम्ही या विषयावर मोठ्या आवेशानें बोलत असतां समोर बसलेल्या भाच्याकडे आमची दृष्टि गेली. तो ताटाकडे पाहत होता. आमचें वाक्य अर्धेंच राहिलें.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रीमंतांना शिक्षा होतच नाहीं असें थोडेंच आहे? दिल्लींत १९९९ च्या एप्रिलअखेरीस एका मेजवानींत, मद्य देण्यास नकार दिला म्हणून जेसिका लाल या तरुणीला भर गर्दींत गोळी घालण्यांत आली. आरोपी हरियाणांतील एका वजनदार पुढाऱ्याचा मुलगा. पाहणारे पुष्कळ होते. परंतु कोर्टांत उभे राहिल्यावर एकामागून एक साक्षीदार फितले, आणि २१ फेब्रुवारी २००६ रोजीं सर्वच्या सर्व नऊ आरोपी सुटले. तेव्हां वृत्तपत्रें खवळलीं, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीच्या हायकोर्टानें मुख्य आरोपीला जन्मठेप दिली; २०१० सालीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. म्हणजे शेवटीं न्याय झाला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्यासाठीं सात वर्षें लागलीं, आणि सारा देश जागा व्हावा लागला. एका वजनदार माणसाला तुरुंगांत पाठविण्यास जर एवढा लोकक्षोभ लागत असेल, तर प्रत्येक खटल्यासाठीं तो कोठून आणावयाचा? आमच्या भाजीवालीसाठीं मेणबत्ती कोण लावणार होता?

शिवाय लोकमत हें दुधारी शस्त्र आहे. १९५९ सालीं नौदलाचे अधिकारी नानावटी यांनीं आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली, तेव्हां मुंबईचें लोकमत आरोपीच्याच बाजूनें होतें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं त्यांना निर्दोषी ठरविलें. हायकोर्टानें तो निर्णय फिरवून ११ मार्च १९६० रोजीं जन्मठेप सांगितली, आणि त्याच दिवशीं राज्यपालांच्या हुकुमानें त्या शिक्षेची अंमलबजावणी तहकूब झाली. सुप्रीम कोर्टानें १९६१ च्या नोव्हेंबरांत शिक्षा कायम केली. १९६४ सालीं राज्यपालांनीं माफी दिली. माफी देण्याचा अधिकार घटनेनेंच दिला आहे, व तो वापरणें हें पाप नव्हे. आमच्या मनांत येतें तें एवढेंच, कीं शिक्षा सांगितल्याच्या दिवशींच राजभवनाला ज्याची आठवण होईल, असा कैदी लाखांत एखादाच असतो.

बाकीच्यांची कथा निराळी आहे. १९७८ सालीं सुप्रीम कोर्टापुढें मोतीराम नांवाच्या मध्य प्रदेशांतील एका गवंड्याचें प्रकरण आलें. त्याला जामिनावर सोडावें असा वरिष्ठ हुकूम झाला होता. परंतु मॅजिस्ट्रेटनें १० हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहावयास आला तेव्हां, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याला नाकारलें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तो हुकूम मोडला, आणि गरिबाच्या ऐपतीबाहेर जामीन मागणें म्हणजे त्याला जामीन नाकारणेंच होय, असा अभिप्राय दिला. या निकालाला आतां कित्येक वर्षें लोटलीं. तरी २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील तुरुंगांत दर शंभर कैद्यांपैकीं सुमारें ७५ जण असे होते, कीं ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. श्रीमंताच्या बाबतींत शिक्षा खटल्याच्या मागून येते, व बहुधा वाटेंत थबकते. गरिबाच्या बाबतींत ती खटल्याच्या पुढें चालते.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असें वाचकांस वाटेल, तर तसें नाहीं. अपघातानंतर दोन वर्षांनीं ती भाजीवाली म्हातारी काठी टेकीत आमच्या दारीं आली. तिचा एकोणीस वर्षांचा नातू मोबाईल चोरल्याच्या संशयावरून पकडला गेला होता. कोर्टानें जामीन मंजूर केला होता, पण १५ हजार रुपयांचा जामीनदार हवा होता, आणि तिच्या वस्तींत पत असलेला माणूस मिळेना. "मला मोठं माणूस दुसरं कोण ठावं हाय, साहेब?" ती म्हणाली. म्हणजे तिनेंही तोच प्रश्न स्वतःला विचारला होता, जो आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारला जातो. आणि तिच्या साऱ्या आयुष्यांत त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एकच नांव सांपडलें होतें. तें आमचें. आमच्या भाच्यानें तिला पाडलें नसतें तर तेंही सांपडलें नसतें.

आम्ही त्याच मित्राला फोन केला. या वेळीं तो म्हणाला, "चोरीचें प्रकरण आहे, कोर्टाचें काम आहे, तूं कशाला नसत्या भानगडींत पडतोस?" हा सल्ला आम्हांस तत्काळ पटला. इतका तत्काळ पटला, कीं त्याचें आज आश्चर्य वाटतें. कारण जामीनदार होण्यासाठीं मित्राची गरजच नव्हती. घर आमच्या नांवावर होतें, कर भरल्याच्या पावत्या कपाटांत होत्या. कोर्टांत जाऊन एक सही केली असती तर काम झालें असतें. मुलगा पळून गेला तर? पैसे आमच्याकडून वसूल होतील. नांव कागदांत येईल. शेजारीं विचारतील. अशा शंका एकामागून एक मनांत आल्या, आणि त्यांपैकीं एकही शंका आम्ही दोन वर्षांपूर्वीं चौकींतील खुर्चीवर बसलों असतांना आली नव्हती. आम्हीं म्हातारीला पांचशें रुपये दिले. तिनें ते घेतले, आणि याही वेळीं हात जोडले.

तो मुलगा चार महिने आंत राहिला. मग कोणा तरुण वकिलानें फी न घेतां अर्ज केला व त्याला जातमुचलक्यावर सोडविलें. पुढें त्याच्यावरचा आरोप शाबीत झाला नाहीं. आमचा भाचा ज्या गुन्ह्यांत खरोखर दोषी होता, त्यांत तो एक रात्रही आंत राहिला नव्हता. आज तो चांगल्या नोकरींत आहे, गाडी जपून चालवितो, आणि आम्हांला फार मानतो. त्याचें बरें झालें याचा आम्हांस आनंद आहे. तो तुरुंगांत गेला असता तर त्याचें भलें झालें असतें, असा दांभिक उपदेश आम्ही करणार नाहीं. पण त्या नातवाचे चार महिने कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हा हिशेब आम्हांस सुटलेला नाहीं. पैसा आणि ओळख यांच्या बळावर माणूस फौजदारींतून सुटतो काय, असें कोणीं आम्हांस विचारलें, तर सुटतो, असें आम्ही सांगूं. आणि सोडविणारीं माणसें बहुधा आमच्यासारखींच असतात, असेंही सांगूं. त्यांत खलपुरुष थोडे. मुलाबाळांवर माया करणारे, लांच न देणारे, वर्तमानपत्र वाचून संतापणारे सद्गृहस्थच पुष्कळ.

रामशास्त्र्यांची गोष्ट आतां आम्हांला निराळी दिसूं लागली आहे. त्यांचा निवाडा अंमलांत आला नाहीं, म्हणून तो वायां गेला असें नव्हे. निवाडा सांगून ते पेशव्यांच्या दरबारांत मानानें बसून राहिले नाहींत. त्यांनीं पुणें सोडलें. राज्यांतील सर्वांत मोठी ओळख त्यांनीं एका शब्दावर तोडली, व ती तोडल्यानें आपलें काय जाईल याचा हिशेब केला नाहीं. आमच्याकडून कोणीं एवढें मागितलें नव्हतें. पुणें सोडावयाचें नव्हतें; एक सही करावयाची होती.

गेल्या महिन्यांत शेजारच्या एका गृहस्थांच्या मुलावर कसलीशी फिर्याद झाली. रात्रीं दहा वाजतां ते घाबरेघुबरे होऊन आमच्याकडे आले, आणि दारांतच त्यांनीं तो परिचित प्रश्न केला, "तेथें तुमच्या ओळखीचें कोण आहे हो?" कोणी नाहीं, असें आम्हीं सांगितलें, चांगला वकील पाहावा, व मुलाला जें घडलें तें खरें सांगावयास लावावें, असा सल्लाही दिला. ते नाराज होऊन गेले. त्या रात्रीं आम्हांस थोडें बरें वाटलें. परंतु आमचा तो मित्र दोन वर्षांपूर्वींच निवृत्त झाला आहे, आणि त्याच्या शब्दाला आतां पूर्वीचें वजन राहिलेलें नाहीं. तेव्हां आमच्या त्या नकाराचें मोल किती धरावें, हें ठरविण्याचें काम आम्ही वाचकांवरच सोंपवितों.